पडकोट: सोलापूरच्या भुईकोटात तो कसा ओळखावा, कसा मोजावा आणि शब्दाचे मूळ कसे शोधावे

पडकोट म्हणजे मुख्य तटाच्या बाहेरून उभा केलेला दुसरा तट. किल्ले पाहणाऱ्यांपैकी बरेच जण त्याचा अर्थ 'पडका कोट' असा धरतात. पडकोट बहुतेक ठिकाणी मुख्य तटाआधी ढासळलेला असतो, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. शत्रूचा पहिला मार त्याच्यावर, आणि किल्ला ओस पडल्यावर दगड नेणाऱ्यांचा पहिला हातही त्याच्यावरच. शब्दातला 'पड' मात्र पडण्याचा नाही. तो संस्कृत 'प्रति'चा आहे. प्रतिशब्दाचा पडसाद झाला, प्रतिच्छायेची पडछाया, प्रतिजिव्हेची पडजीभ; त्याच वळणाने कोटापुढचा कोट तो पडकोट. अर्थ असा नीट लावला की किल्ल्यात काय शोधायचे तेही ठरते. पडझड शोधायची नाही, मुख्य तटाचा जोडीदार शोधायचा.

सोलापूरचा भुईकोट या शब्दासाठी फार सोयीचा आहे. एकात एक असे दोन तट, तीन बाजूंनी खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. शिवाय किल्ला शहराच्या मधोमध असल्याने सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा असे जाता येते. डोंगरी किल्ल्यावर हे शक्य होत नाही.

आधी चार शब्द वेगळे करा

पडकोट, परकोट, रेवणी आणि चिलखत हे चार शब्द लिहिताना सर्रास एकमेकांत मिसळतात. जागेवर जाण्याआधी ते वेगळे केले नाहीत, तर टिपणवहीत घोळ होतो आणि तो घरी बसून निस्तरता येत नाही.

परकोट हा 'परि' म्हणजे सभोवताली या अर्थाचा. हिंदीतला परकोटा तोच. वस्तीला किंवा पेठेला वेढणाऱ्या भिंतीलाही परकोट म्हणतात. बोलण्यात परकोट आणि पडकोट एकाच अर्थाने येतात आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. लेखी नोंदीत मात्र आम्ही सुचवू की मुख्य तटाशी लढाईच्या दृष्टीने जोडलेला तो पडकोट आणि वस्ती राखणारा तो परकोट, असा भेद ठेवा.

रेवणी म्हणजे मुख्य तट आणि खंदक यांच्यामधली ठेंगणी भिंत, आणि त्या भिंतीच्या आतली मोकळी पट्टीसुद्धा. दोन्ही अर्थांनी शब्द भेटतो, म्हणून नोंदीत 'रेवणीची भिंत' किंवा 'रेवणीची पट्टी' असे पूर्ण लिहा. युरोपात याच रचनेला फॉसब्रे म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वेढ्यांच्या वर्णनांत आपली रेवणी 'रौनी' अशा रूपात दिसते. तिची व्युत्पत्ती अभ्यासकांत आजही वादाची आहे. एकाने 'रुंधणे' म्हणजे कुंपण घालून अडवणे या क्रियापदाकडे बोट दाखवले आहे, पण ते सिद्ध झालेले नाही. तेव्हा रेवणीच्या मूळापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

चिलखत हे तटाच्या किंवा बुरुजाच्या अंगाला बिलगलेले दुसरे कवच. दोन्हींमध्ये माणूस जेमतेम चालेल एवढेच अंतर. राजगडच्या संजीवनी माचीवर ते उत्तम पाहायला मिळते.

ओळखीची खूण साधी आहे. बाहेरच्या भिंतीला स्वतःचे बुरूज, स्वतःची फांजी आणि स्वतःचा दरवाजा आहे का ते पाहा. फांजी म्हणजे तटावरची चालायची वाट. तिन्ही असतील तर पडकोट. भिंत छातीइतकी किंवा थोडी उंच, दरवाजा नाही, नुसता आडोसा, तर रेवणी. अंतरच उरलेले नाही, तर चिलखत. या कसोटीवर सोलापूरचा बाहेरचा तट पडकोट ठरतो. तो चांगला उंच आहे, त्याला स्वतःचे बुरूज आहेत, बंदुकीसाठी जंग्या आणि तोफांसाठी झरोके आहेत. त्याला रेवणी म्हणणे चूक.

काय न्यायचे, कधी जायचे

पंधरा ते तीस मीटरची कापडी टेप, एक मीटरची सरळ काठी, खडूऐवजी सुतळी, लहान दुर्बीण, होकायंत्र आणि वहीत आधीच काढलेला किल्ल्याचा ढोबळ आराखडा एवढे पुरते. खडू नको, कारण किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि दगडावर खूण करणे हा गुन्हा आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. ढासळत्या फांजीवर चढायचे नाही. चुना सुटलेला असला की वरचा दगड भक्कम दिसतो, पण पाय ठेवताच सरकतो.

ऋतू हिवाळ्याचा निवडा. मार्च संपला की सोलापुरात सकाळी दहानंतर दगड तापतात आणि डोळे दिपून चुन्याचे सांधे दिसेनासे होतात. तिरपे ऊन सर्वांत चांगले, कारण दगडाच्या थरांच्या सावल्या पडतात आणि नंतर केलेली डागडुजी लगेच वेगळी कळते. पूर्वेची बाजू सकाळी पाहा. तलावाच्या पलीकडून, सिद्धेश्वर मंदिराच्या अंगाने, पूर्वेचा तट आणि त्यामागे डोकावणारी आतली भिंत एकाच नजरेत येते. पश्चिमेची बाजू उतरत्या उन्हात पाहा. पावसाळ्यात जाऊ नका. झुडपे वाढून जंग्या झाकल्या जातात.

बाहेरून सुरुवात करा

बहुतेक जण दरवाजातून आत शिरतात आणि आतून बाहेर पाहतात. पडकोट समजायचा असेल तर हा क्रम उलटा करा. हल्ला करणारा बाहेरून आला होता. म्हणून आधी खंदकाच्या बाहेरच्या काठाने चाला.

खंदकाची रुंदी हे पहिले माप. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये सोलापूरच्या खंदकाची रुंदी १०० ते १५० फूट, म्हणजे साधारण ३० ते ४५ मीटर, दिली आहे. आज काही ठिकाणी भराव पडलेला आहे, बाग आणि रस्ता आलेला आहे, तेव्हा मूळ काठ कुठे होता ते शोधावे लागते. बांधीव काठाचा दगड जिथे अजून उघडा आहे तिथे मोजा. गवताच्या उतारावर मोजलेले माप टाकून द्या.

खंदक हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, पण अरबीने तो जुन्या फारसीतून घेतला. फारसीत 'कंदन' म्हणजे खणणे. इ.स. ६२७ मध्ये मदिनेभोवती चर खणून बचाव झाला, ती लढाई खंदकाची लढाई म्हणूनच ओळखली जाते. हे फारसी 'कंदन' आणि संस्कृत 'खन्' एकाच कुळातले. त्यामुळे मराठी खणणे, खाण आणि संस्कृत परिखा हे खंदकाचे लांबचे नातेवाईक निघतात. परिखा म्हणजे सभोवताली खणलेली.

कौटिल्याने तीन परिखा सांगितल्या आहेत, १४, १२ आणि १० दंड रुंदीच्या. दंड चार हातांचा, सुमारे १.८ मीटर. खणलेल्या मातीचा वप्र, म्हणजे मातीचा तट, परिखेपासून चार दंड आत ठेवायचा. खंदक आणि तट यांच्यात मोकळी पट्टी ठेवण्याची कल्पना इतकी जुनी आहे. त्या पट्टीत दुसरी भिंत घालणेही तोफांच्या आधीचे. पाचव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलच्या तटाला पुढे ठेंगणी भिंत आणि खंदक दोन्ही होते. तोफा आल्यावर या बाहेरच्या भिंतीचे मोल वाढले, एवढेच.

पडकोट कशासाठी, ते मापाने पाहा

हा भाग सावकाश करा. बाकी सगळे शब्द यातून उलगडतात.

उंची काढायचा सोपा मार्ग सावलीचा. एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा, तिची सावली मोजा. लगेच तटाच्या माथ्यावरच्या एखाद्या चर्येच्या टोकाची सावली जमिनीवर जिथे पडते तिथपासून, काठीच्या सावलीच्याच दिशेने, तटाच्या पायथ्यापर्यंत मोजा. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि तटाची सावली ६ मीटर असेल तर उंची ६ भागिले ०.८, म्हणजे ७.५ मीटर. चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरचे पानाच्या आकाराचे दगडी आडोसे. फारसीतला कुंगुरा म्हणजे आपला कंगोरा, तोही याच वस्तूसाठी येतो.

यात तीन चुका हमखास होतात. एक, जमीन सपाट नसते. सावली खंदकाच्या उतारावर पडली तर उंची भलतीच येते. दुसरी, दोन मापांत पाच-दहा मिनिटे जातात आणि तेवढ्यात सावली सरकते. दोन माणसे असली तर दोन्ही मापे एकाच वेळी घ्या. तिसरी सर्वांत मोठी आणि कुणाच्या लक्षात न येणारी. तट बाहेरून सरळ नसतो, वर जाताना आत झुकत जातो. म्हणजे चर्येच्या बरोबर खालचा बिंदू पायथ्याच्या आत असतो. हे आतले अंतर सावलीत मिळवायला हवे. ते काढण्यासाठी पायथ्याशी काठी ओळंब्यात उभी करून एक मीटर उंचीवर भिंत किती आत गेली ते मोजा आणि अंदाजी उंचीने गुणा. एका मीटरला ८ सेंटिमीटर आत, तर साडेसात मीटरला ६० सेंटिमीटर.

सावली मिळाली नाही तर थर मोजा. हाताच्या उंचीवरच्या दहा थरांची एकूण उंची घ्या, दहाने भागा, मग दुर्बिणीतून माथ्यापर्यंतचे थर मोजून गुणा. वरचे थर कधी कधी आखूड असतात, म्हणून अर्ध्या उंचीवर थराची जाडी बदलते का ते पाहा. बदलत असेल तर ती रेघ आराखड्यावर जरूर काढा. तट नंतर उंचावल्याची ती खूण असू शकते.

आता दोन्ही तटांचा मेळ घाला. उदाहरणादाखल धरा की आतला तट खंदकाच्या काठापासून १० मीटर उंच, बाहेरचा ७ मीटर आणि दोन्हींमध्ये १५ मीटर अंतर. आतल्या तटावरच्या शिपायाची नजर बाहेरच्या तटाच्या माथ्यावरून जाते. १५ मीटरला ती ३ मीटर उतरते, म्हणजे मीटरला २० सेंटिमीटर. बाहेरच्या तटाच्या माथ्यापासून जमीन गाठायला तिला ७ भागिले ०.२, म्हणजे ३५ मीटर आणखी पुढे जावे लागते. बाहेरच्या तटाच्या पुढचे ३५ मीटर आतल्या शिपायाला दिसतच नाहीत.

ही ३५ मीटरची आंधळी पट्टी खंदकाच्या रुंदीच्या जवळपास आहे. म्हणजे खंदकात उतरलेला, तराफा टाकणारा, शिडी लावणारा माणूस आतल्या तटाच्या माऱ्यातून सुटतो. त्याला अडवायचे काम पडकोटाचे. आणि पलीकडच्या काठावर जमणारी फळी, तोफांचे मोर्चे, ते काम आतल्या तटाचे. दोन तट म्हणजे एकाच्या मागे एक दोन अडथळे, एवढीच समजूत करून घेतली तर हे निसटते. दोन्ही तटांवरून एकाच वेळी, वेगवेगळ्या अंतरावर मारा करता यावा अशी ती योजना आहे. आपल्या मापांनी हेच गणित करून पाहा. खंदकाच्या कोणत्या भागावर कोणता तट राखण करतो ते आराखड्यावर दोन रंगांनी भरा.

पडकोटाचे दुसरे काम आतल्या तटाचा पाया झाकण्याचे. तोफगोळा तटाच्या खालच्या तिसऱ्या भागात सतत बसला तर वरचा भाग स्वतःच्या वजनाने कोसळतो आणि त्याच दगडांचा चढाईला उतार तयार होतो. बाहेरचा तट मधे आला की हल्लेखोराला आतल्या तटाचा फक्त माथा दिसतो, पाया नाही.

उणी बाजूही नोंदवा. आतल्या तटावर गोळा बसला की दगडाच्या कपच्या खाली, पडकोटावरच्या माणसांवर पडतात. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस फॉसब्रे मागे पडली त्यामागे हे एक कारण होते. शिवाय ठेंगण्या भिंतीवर चढणेही सोपे. म्हणून दोन तटांमधले अंतर चार-पाच ठिकाणी मोजा आणि लिहा. पावलांनी मोजत असाल तर आधी टेपवर स्वतःची दहा पावले किती भरतात ते काढा. सगळ्यांचे पाऊल ७५ सेंटिमीटरचे नसते.

जंगी की नुसते भोक?

तटाला दिसणारे प्रत्येक भोक जंगी नसते. जंगी म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची खाच, शब्द फारसी 'जंग' म्हणजे युद्धावरून. खरी जंगी आत रुंद आणि बाहेर अरुंद असते, कारण आतल्या माणसाला नळी डावी-उजवीकडे फिरवायची असते. तिचा तळ बाहेरच्या दिशेने उतरता असतो. पाणी निघायचे भोकही उतरते असते, पण ते दोन्ही टोकांना सारख्याच मापाचे आणि फांजीच्या फरशीच्या पातळीवर. बाहेर दगडी पन्हळ पुढे आलेली असेल तर प्रश्नच नाही. परांचीची भोके, म्हणजे बांधकामाच्या वेळी लाकडे खोचलेली, चौकोनी असतात. ती एका आडव्या रांगेत सारख्या अंतराने येतात आणि बहुतेक आरपार नसतात.

जंगीचा उतार मोजला की ती कुठे रोखलेली होती ते कळते. तटाची जाडी तिथे १.२ मीटर आणि आतल्या तोंडाच्या तळापेक्षा बाहेरच्या तोंडाचा तळ ६० सेंटिमीटर खाली असेल, तर मीटरला ५० सेंटिमीटर उतार झाला. बाहेरचे तोंड जमिनीपासून ६ मीटरवर असेल तर रोख १२ मीटरवर जमिनीला टेकतो. शेजारी शेजारी तीन जंग्या, एक समोर, एक खाली, एक तिरपी, असा गट दिसला तर तिन्हींची मापे घ्या. एकाच जंगीवरून निष्कर्ष काढला की तो बहुधा चुकतो. जंगीत हात घालण्याआधी टॉर्च मारा. मधमाश्या आणि विंचू दोन्ही असतात.

बुरुजाबद्दल थोडक्यात. सरळ तटावरून खाली वाकून स्वतःचा पायथा राखता येत नाही, म्हणून तटातून पुढे काढलेला बुरूज हवा, जिथून दोन्ही बाजूंच्या तटाच्या अंगाला समांतर मारा करता येतो. दोन बुरुजांमधले अंतर मोजा आणि एका बुरुजावरून दुसऱ्याचा पायथा दिसतो का ते पाहा. पडकोटाचे बुरूज आणि आतल्या तटाचे बुरूज समोरासमोर आहेत की आड-आड, हेही नोंदवा. बुरूज हा अरबी 'बुर्ज'. त्याचे नाते बरेच अभ्यासक ग्रीक 'पिर्गोस'शी, म्हणजे मनोऱ्याशी, जोडतात. आपल्या भागातला हुडा मात्र कन्नड 'हुडे'च्या घरचा. गावच्या गढीच्या बुरुजाला हुडा म्हणणारी जुनी माणसे भेटली तर तो उच्चार तसाच उतरवून घ्या.

दरवाजाकडे येताना तो लांबून सरळ दिसतो का ते पाहा. चांगला दरवाजा लपवलेला असतो आणि आत शिरणाऱ्याला काटकोनात वळावे लागते. हत्तीला धाव घ्यायला आणि तोफ सरळ रोखायला जागा मिळू नये, हा हेतू. दरवाजासमोर आडवी घातलेली भिंत ती जिभी. विजयदुर्गाच्या जिबीच्या दरवाजाचे नाव त्यावरूनच आहे. मोठ्या दारातले लहान दार ती दिंडी, आतल्या पहारेकऱ्यांच्या ओट्या त्या देवड्या.

वेस आणि दरवाजा यांची सोलापुरात गल्लत होते. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस ही नावे किल्ल्याच्या दरवाजांची नाहीत, गावाला वेढणाऱ्या भिंतीची आहेत. एकोणिसाव्या शतकात शहर वाढले तशी ती भिंत पाडत गेले, नावे राहिली. वर सांगितलेल्या भेदानुसार ती भिंत परकोट. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी थॉमस मन्रोच्या फौजेने आधी शिड्या लावून पेठ घेतली आणि मग किल्ल्यावर तोफा लावल्या. काही दिवसांत किल्ला शरण आला. परकोट आणि पडकोट हा फरक कागदावरचा नाही, तो त्या आठवड्यात सोलापुरात दिसला होता.

कोणता तट आधीचा?

उत्तर देण्याची घाई करू नका. किल्ल्याचा पाया बहमनी काळातला मानतात. पुढे हा किल्ला निजामशाही आणि आदिलशाहीच्या भांडणाचे मूळ होऊन बसला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात आदिलशहाच्या बहिणीच्या लग्नात तो हुंड्यात देण्याचे कबूल झाले आणि दिला गेला नाही. पुढे चांदबीबीच्या लग्नात तो आदिलशाहीकडे गेला. एवढ्या धन्यांनी प्रत्येकी काहीतरी वाढवले, दुरुस्त केले. एकच तट दोन-तीन हातांचा असू शकतो.

जागेवर तीन गोष्टी तपासा. सांधा: दोन भिंती भेटतात तिथे दगड एकमेकांत गुंतले आहेत की एक भिंत दुसरीला नुसती टेकली आहे? टेकलेली भिंत नंतरची. चुना: जुना चुना पिवळसर आणि खडबडीत असतो, सिमेंटची डागडुजी करडी आणि गुळगुळीत. कोरीव दगड: तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात, कधी आडवे, कधी उलटे. कोरीव दगड जुना आहे म्हणून तट तेवढा जुना ठरत नाही, तट त्या दगडानंतरचा आहे एवढेच सिद्ध होते. शिलालेखाचेही तसेच. लेखाची शिळा मूळ जागी आहे की दुसरीकडून आणून बसवली आहे ते तिच्या कडेच्या चुन्यावरून पाहा.

शब्दाचे मूळ तपासायची रीत

पहिली पायरी वस्तू. जागेवर वस्तू पाहिल्याशिवाय कोश उघडू नका, नाहीतर कोशातला अर्थ दगडावर लादला जातो. दुसरी पायरी जुनी रूपे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही पाहा. दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा कोश. कन्नड-तेलुगू नाते वाटले तर बरो आणि एमेनो यांचा द्रविड व्युत्पत्तिकोश. तिसरी पायरी नमुना: सुचवलेला ध्वनिबदल दुसऱ्या शब्दांत दिसतो का? पडकोटाला पडसाद, पडछाया, पडजीभ असे साक्षीदार मिळतात, म्हणून 'प्रति' पटते. साक्षीदार नसेल तर नुसते साम्य पुरत नाही.

साम्य किती फसवते याचे उदाहरण शहराच्या नावातच आहे. सोळा गावांचे सोलापूर ही समजूत सगळीकडे ऐकू येते. पण सिद्धेश्वरांच्या काळातल्या लेखांत गावाचे नाव सोन्नलगे असे आहे. किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर आणि किल्ल्यातल्या विहिरीवरच्या लेखात संदलपूर अशी रूपे आहेत. सोळा हा आकडा त्यात कुठेच नाही.

चौथी पायरी सोलापूरकरांना फुकट मिळते, ती म्हणजे शेजाऱ्याला विचारणे. कोट या शब्दासाठी पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'कोट', कन्नड घरात 'कोटे' ऐकू येईल, तमिळमध्ये 'कोट्टै'. संस्कृतातला कोट्ट द्रविड भाषांतून आला असे बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. गावाच्या वेशीला उत्तर कर्नाटकात 'अगसी' म्हणतात, खंदकाला 'अगळ्ते'. उलट किल्ला अरबी 'कलआ'वरून, आणि बालेकिल्ल्यातला 'बाले' फारसी 'बाला' म्हणजे उंच, त्याचा बालपणाशी संबंध नाही. पडकोट हा शब्द एकट्यानेच दोन घराण्यांचा आहे: 'पड' प्रतिचा, 'कोट' बहुधा दक्षिणेचा.

नोंद करताना प्रत्येक शब्दाला एक पान द्या. वर शब्द, त्याखाली जागा (तटाची कोणती बाजू, कोणत्या दोन बुरुजांमध्ये), मापे, रेखाटन, मग मूळ. मूळ लिहिताना 'निश्चित', 'बहुधा' किंवा 'वादग्रस्त' यांपैकी एक खूण करा. स्थानिक उच्चार लिहिताना सांगणाऱ्याची घरची भाषा लिहा, नाव नको. पुढच्या खेपेला नळदुर्ग किंवा परांड्याला जाल, तेव्हा हीच पाने बरोबर घ्या आणि दुसरा रकाना भरा. नळदुर्गाला बोरी नदीपलीकडचे रणमंडळ, म्हणजे त्याचा जोडकिल्ला, आहे, परांड्याला पुन्हा दुहेरी तट आणि खंदक. तिथे दोन तटांमधले अंतर आणि उंचीचा फरक आधी मोजा, आंधळ्या पट्टीचे गणित तिथेच उभ्या उभ्या करा आणि तो आकडा सोलापूरच्या आकड्याशेजारी लिहा.